कोकणात घरी गाणी ऐकायला उपग्रह रेडिओ: आज कोणता पर्याय घ्यावा?

खाडीकाठ
घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर. कौलारू, जांभ्याच्या भिंती. पूर्वेला माड, एक मोठा फणस आणि त्यामागे चढ. घरात दोघं ज्येष्ठ. ॲप उघडून गाणं शोधणं त्यांना नको आहे. एक बटण दाबलं की शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी चालू राहावीत, एवढीच अपेक्षा. एफएम डोंगराआड असल्यामुळे खरखरतो. फायबर आहे, पण वीज गेली की तोही जातो.

प्रश्न असे:
१) वर्ल्डस्पेससारखी फक्त संगीताची उपग्रह सेवा आज भारतात आहे का?
२) अमेरिकेतले नातेवाईक तिथल्या सिरियसएक्सएम या उपग्रह सेवेचा रेडिओ आणून देतो म्हणतात. इथे चालेल का?
३) नसेल तर डीडी फ्री डिशवरच्या आकाशवाणी वाहिन्यांसाठी डिश बसवावी, की पैसे भरून डीटीएच घ्यावं?
४) जून ते सप्टेंबर हे सगळं कितपत टिकतं?

जांभाचिरा
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ 'नाही' अशीच आहेत. कारणं मात्र समजून घ्या, कारण जुने वर्ल्डस्पेस रिसीव्हर अजूनही वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात 'चालू स्थितीत' म्हणून विकले जातात.

वर्ल्डस्पेसचा आशियासाठीचा उपग्रह एशियास्टार मार्च २००० मध्ये सोडला, १०५ अंश पूर्वेला होता. प्रसारण एल बँडवर, साधारण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झमध्ये. या पट्ट्यात पावसाचा त्रास जवळजवळ नसतो आणि अँटेना वहीएवढी पुरते. म्हणूनच कोकणात ती सेवा भर जुलैतही चालायची. गांधर्व वाहिनी हिंदुस्थानी शास्त्रीयला वाहिलेली, फरिश्ता जुन्या हिंदी गाण्यांना. ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनी अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणात गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. रिसीव्हर सुस्थितीत असला, दिवे लागत असले, तरी पकडायला प्रसारणच नाही. कोणी पाचशे रुपयांना दिला तरी घेऊ नका. मागे ऑक्झिलरी इनपुट असेल तर बाहेरचा स्पीकर म्हणून काय तो उपयोग.

सिरियसएक्सएमचे उपग्रह उत्तर अमेरिकेसाठी आहेत, पश्चिम रेखांशावर, साधारण ८५ आणि ११५ अंशांच्या आसपास. आपण ७३ अंश पूर्वेला. म्हणजे ते आपल्या क्षितिजाच्या खाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. कितीही मोठी अँटेना लावा, जमिनीतून सिग्नल येत नाही. त्यांची इंटरनेट सेवाही अमेरिका-कॅनडातल्या ग्राहकांसाठीच आहे. नातेवाईकांना सांगा, त्याऐवजी चांगले स्पीकर आणा.

सुरंगी
तिसऱ्याबद्दल लिहिते. 'उपग्रह रेडिओ' म्हणून भारतात आज जे खरोखर हाती लागतं ते डीटीएचवरून येणाऱ्या रेडिओ वाहिन्या. त्यात दोन प्रकार.

पहिला, डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. मासिक शुल्क नाही. टीव्ही वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या असतात. संगीतासाठी तुमच्या कामाच्या प्रामुख्याने तीन: विविध भारती, रागम आणि एआयआर मराठी. त्यात एफएम गोल्ड धरा. रागम ही २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही असतं, त्यामुळे फक्त हिंदुस्थानीच हवं असलेल्यांना दिवसातला बराच वेळ कर्नाटक ऐकावं लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं. आकाशवाणीच्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणं तिथे ज्या सहजपणे कानावर पडतात तशी पैसे भरूनही दुसरीकडे मिळत नाहीत. माझ्या मते एवढ्या एका वाहिनीसाठीसुद्धा डिश बसवणं सार्थ आहे.

दुसरा, सशुल्क डीटीएच. संगीताच्या वाहिन्या बहुधा वेगळी सेवा म्हणून, वरचे पैसे घेऊन देतात. प्रकारानुसार लावलेली गाणी, निवेदक नाही, पडद्यावर गाण्याचं नाव. पण रिचार्ज संपला की गाणी बंद. ज्येष्ठ माणसं एकटी असतील तर ही अडचण महिन्यातून एकदा हमखास येते. नाट्यसंगीत हवं असेल तर एखाद्या सेवेच्या यादीत 'मराठी' लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. त्यात बहुतेक वेळा नवी चित्रपटगीतंच असतात. दुकानात बसून निदान अर्धा तास ऐका आणि मगच ठरवा.

मिऱ्या_ॲंटेना
सेवा निवडण्याआधी झाडं बघा. कोकणात अर्धा निर्णय तिथेच होतो. प्रत्येक सेवेचा उपग्रह वेगळ्या जागी, त्यामुळे डिशचा कोनही वेगळा. खालचे आकडे रत्नागिरीसाठी (१७ उत्तर, ७३.३ पूर्व) गणित करून काढलेत. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायची:

फ्री डिश, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व: दिशा १२८-१२९ अंश, उंची ५९ अंश.
८३ अंश पूर्व (टाटा प्ले): दिशा १५० अंश, उंची ६७ अंश.
१०८.२ अंश पूर्व (एअरटेल): दिशा ११३ अंश, उंची ४५-४६ अंश.

मालवण-वेंगुर्ल्याकडे फ्री डिशसाठी दिशा १२७, उंची ६०. अलिबागेत दिशा १३०, उंची ५८. देवगड या दोहोंच्या मधे, म्हणजे १२८ आणि ६० धरा. आपल्या किनाऱ्यावर होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्रही चालतं. फक्त लोखंडी गज, पत्रा, मोटारसायकल यांपासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून मोजा.

आता माडाचं गणित. झाडाचा शेंडा डिशपेक्षा जितका उंच, त्याला १.६६ ने भागा. तेवढ्या मीटरपेक्षा झाड लांब असेल तर ५९ अंशांची रेषा मोकळी. उदाहरणार्थ माड १५ मीटर, डिश चौथऱ्यावर १ मीटर उंचीवर. फरक १४, भागिले १.६६, म्हणजे साडेआठ मीटर. त्यात झावळ्यांचा पसारा तीन-चार मीटर आणि पुढच्या पाचेक वर्षांची वाढ मिळवा. एअरटेलच्या ४५-४६ अंशांना तोच माड १४ मीटर लांब हवा, वर झावळ्या वेगळ्याच. म्हणून पूर्वेला झाडी असलेल्या आगरात ८३ किंवा ९३.५ अंशांचा उपग्रह सोयीचा.

फणसाला मुळीच हलकं घेऊ नका. ओली पानं केयू बँड, म्हणजे डीटीएचच्या लहरी, जवळजवळ पूर्ण अडवतात. एप्रिलमध्ये फांद्यांच्या फटीतून सिग्नल दिसतो, जून लागला की तीच डिश कोरी.

खाडीकाठ
मिऱ्याभाऊ, झाड अडवतंय की नाही हे होकायंत्र न वापरता कसं कळेल? आमचा माड नेमका आग्नेयेला आहे.

मिऱ्या_ॲंटेना
सूर्य सांगतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. आपल्या किनाऱ्यावर जीसॅट-१५ साठी हे मार्चच्या १३ तारखेच्या आसपास, सकाळी ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास घडतं आणि पुन्हा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ११ ला पाच-सात मिनिटं कमी असताना. त्या दिवसांत त्या वेळी जिथे डिश लावायची तिथे उभे राहा. अंगावर ऊन पडलं तर रेषा मोकळी. माडाची सावली पडली तर जागा बदला, सावली सरकत दिसेल त्यावरून किती बदलायची तेही कळेल.

याच दिवसांत त्या वेळी काही मिनिटं सिग्नल जातो, कारण सूर्याचा स्वतःचा गोंगाट एलएनबीत, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीत, शिरतो. चार-पाच दिवस असं होतं. तेव्हा डिश हलवू नका. दरवर्षी मार्चात यावरून बिघाड समजून चांगली बसवलेली डिश फिरवून ठेवलेली बघायला मिळते.

पागोळी
चौथा प्रश्न पावसाचा. केयू बँड, म्हणजे ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी. पावसाचा थेंब त्या शोषतो आणि विखुरतो. तिरक्या रेषेत पावसाचा पडदा जितका जाड तितकं नुकसान. पावसाचा थर ५ किलोमीटर उंच धरला तर ६७ अंशांना ५.४, ५९ अंशांना ५.८, आणि ४६ अंशांना ७ किलोमीटर पावसातून सिग्नल येतो. मिऱ्यांच्या आकड्यांना हे दुसरं कारण जोडा.

डिश मोठी केल्याने किती फरक? ६० सेंटीमीटरवरून ७५ केली तर सुमारे १.९ डेसिबल, ९० केली तर ३.५ डेसिबल. आपल्याकडच्या आडव्या सरीत नुकसान १० डेसिबलच्या पुढे सहज जातं, म्हणजे ९० सेंटीमीटरनेही गाणं तुटणारच. फरक एवढा की ६० ची डिश जिथे सर संपेपर्यंत गप्प, तिथे ९० ची फक्त सर ऐन भरात असताना गप्प. साध्या संततधारेत ९० ची तुटत नाही. कोकणासाठी माझं मत ७५. कारण ९० ला वाऱ्याचा दाब ६० च्या सव्वादोनपट, त्यासाठी खांब आणि पायाही तसाच लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावर छप्परं गेली, तिथे डिशची काय कथा. वादळाचा इशारा आला की डिश उतरवता यावी अशी बसवा: खांबावरची पकड तशीच, फक्त डिशमागचे चार बोल्ट काढायचे. परत लावताना कोन शोधावा लागू नये म्हणून खांब आणि पकड दोन्हींवर छिन्नीने एक सरळ खूण करून ठेवा. रंगाची खूण दोन पावसाळ्यांत जाते.

आणखी एक. डिजिटल असल्यामुळे एफएमसारखं हळूहळू खरखरून क्षीण होत नाही. शेवटपर्यंत स्वच्छ, मग एकदम शांतता, मधे एखाद-दुसरी कुरकुर. घरातल्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर बॉक्स बिघडला समजून सगळी बटणं दाबली जातात आणि सेटिंग बिघडतं.

जांभाचिरा
बसवण्याबद्दल. कौलांवर किंवा वाशांवर डिश अडकवू नका. वाऱ्यात वासा हलतो, कौल सरकतं, गळती सुरू होते. जांभ्यात साधे विस्तारणारे बोल्टही नकोत. दगड सच्छिद्र, कडेला भुगा होतो आणि दोन पावसाळ्यांत बोल्ट बोटाने निघतो. उत्तम म्हणजे अंगणात स्वतंत्र पाया: दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा, त्यात ४० मिलिमीटरचा जस्तलेपित पाइप, खाली आडवी सळी वेल्ड केलेली म्हणजे पाइप फिरणार नाही, आणि काँक्रीट. पाइप ओळंब्यात उभा हवा. पाइप तिरका असेल तर दिशा फिरवताना उंचीही बदलते आणि सिग्नल शोधणं कठीण होतं. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, मगच डिश चढवा.

भिंतीलाच लावायची असेल तर आरपार बोल्ट, आतल्या बाजूला ६ इंची चौकोनी पट्टी.

नट-बोल्ट स्टेनलेस ३१६ दर्जाचे मिळाले तर उत्तम, ३०४ चालतात. किटमध्ये येणारे पिवळसर मुलाम्याचे बोल्ट समुद्राजवळ एका पावसाळ्यात गंजून जाम होतात आणि पुढे कोन बदलायचा म्हटलं तर करवतीने कापावे लागतात. बसवतानाच ग्रीस लावा.

तांबळडेग
गणित झालं, आता डिश लावायची कृती. उपग्रह सापडत नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक एकाच जागी असते: एलएनबीचा पीळ.

आपल्या किनाऱ्यावरून ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी एलएनबी सुमारे ४८ अंश पिळावी लागते. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. दिल्लीकडे किंवा नागपुरात बसवलेल्यांची चित्रं बघून एलएनबी कमी पिळली तर उभं आणि आडवं ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) एकमेकांत मिसळतं, मग डिश उपग्रहावर असूनही बॉक्सच्या मेनूत दिसणारी सिग्नलची क्वालिटी उठत नाही.

क्रम असा ठेवा:

१. बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६००, २२ किलोहर्ट्झ ऑटो. चाचणीसाठी ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९०, व्ही म्हणजे उभं ध्रुवण, सिम्बॉल रेट २९५००.
२. एलएनबी ४८ अंश पिळून हलकेच आवळा.
३. उंची लावा. बाजारातल्या डिश ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे त्या दिसतात त्यापेक्षा पंचविसेक अंश वर बघतात. त्यामुळे ५९-६० अंशांसाठी डिशचा चेहरा उभ्या रेषेपासून ३५ अंशच मागे कललेला दिसेल. डोळ्यांना ती समोरच्या घराकडे बघतेय असं वाटतं, ते बरोबर आहे. मागच्या पट्टीवर अंश कोरलेले असतील तर ते ऑफसेट धरूनच असतात, तिथे थेट ५९ लावा.
४. दिशा १२८ वर धरून दोन्ही बाजूंना १०-१० अंश अगदी हळू फिरवा. दर अर्ध्या बोटाला दोन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतो.
५. स्ट्रेंग्थच्या पट्टीकडे बघू नका. ती एलएनबी जोडली की तशीही ५०-६० टक्के दाखवते. फक्त क्वालिटी बघा.
६. क्वालिटी आल्यावर उंची, मग दिशा, मग पीळ, याच क्रमाने एकेक सर्वोच्च करून बोल्ट आवळा. आवळताना बोल्ट एकदम न पिळता आळीपाळीने थोडे थोडे, कारण शेवटच्या पिळाला डिश एखादा अंश सरकते.

डिश स्वच्छ आकाशाच्या दिवशी लावा आणि सर्वोच्च बिंदूवरच लावा. मे महिन्यात क्वालिटी 'पुरेशी' आहे म्हणून सोडली तर जूनच्या पहिल्या सरीत ती पुरत नाही.

सुरंगी
तांबळडेग, एक जोडते. सगळे ट्रान्सपॉन्डर शोधून झाल्यावर रिमोटवरचं टीव्ही/रेडिओ बटण दाबलं तरच रेडिओची यादी उघडते. 'वाहिन्याच नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे दाबलेलंच नसतं. मग विविध भारती, रागम, एआयआर मराठी, एफएम गोल्ड आवडीच्या यादीत १ ते ४ क्रमांकावर ठेवा आणि बाकीच्या लपवा. मेनूत काही तासांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, ती बंद करा, नाहीतर दुपारी गाणी थांबतात आणि कारण कळत नाही. चालू होताना शेवटची वाहिनी लागावी हेही सेटिंग बहुतेक बॉक्सना असतं. एवढं केलं की टीव्हीची गरज नाही, बॉक्स चालू केला की थेट गाणं.

खर्जातला_सा
आवाजाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि प्रश्न तर संगीताचा आहे.

टीव्हीच्या स्पीकरवर रागम ऐकू नका. तानपुऱ्याचा खर्ज त्यातून येतच नाही, तबल्याच्या बायाँचा घुमारा जातो, उरते फक्त टकटक. बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या जॅकमधून तार काढून साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला द्या. दोन पाच-साडेपाच इंची बुकशेल्फ स्पीकर घराच्या ओसरीला पुरतात. बॉक्सचा आवाज ८०-९० टक्क्यांवर कायम ठेवायचा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करायचं. उलट केलं तर क्षीण सिग्नलबरोबर सूंसूं आवाज वाढतो.

जोडल्याबरोबर घूं असा सलग आवाज आला तर ते भू-चक्र. डिशच्या केबलमधून एक अर्थ आणि ॲम्प्लिफायरच्या तीन-पिनी प्लगमधून दुसरा, या दोहोंमधून थोडा विद्युतप्रवाह फिरतो. उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन कापतात, ते धोक्याचं आहे, दमट हवेत तर अजिबात नको. बॉक्स आणि ॲम्प्लिफायर एकाच विजेच्या बोर्डावर लावून बघा. तरी राहिलं तर त्या लाल-पांढऱ्या (आरसीए) तारेच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, छोट्या डबीएवढा असतो.

दर्जाची तुलना: उपग्रहावरचा आकाशवाणीचा आवाज एफएमपेक्षा शांत पार्श्वभूमीचा, पण उत्तम स्ट्रीमिंगइतका खुला नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांना हा फरक जाणवत नाही. नव्या, खूप वाद्यं असलेल्या गाण्यांत झांजा-मंजिऱ्या थोड्या चरचरतात. निवड शास्त्रीय आणि जुन्या गाण्यांची असेल तर उपग्रह पुरेसा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

खाडीकाठ
फार उपयोगी. दोन राहिले. वीज गेली तर? आणि फायबर आहेच, तर त्यावर ऐकणं बरं की हे?

पागोळी
वीज: असा बॉक्स घ्या ज्याचा अडॅप्टर बाहेरचा, १२ व्होल्टचा आहे. तो थेट १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जात नाही. बॉक्स आणि एलएनबी मिळून साधारण १० वॉट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. पूर्ण रिकामी करायची नसल्यामुळे पाच तास धरा. त्यात १२ व्होल्टचा छोटा ॲम्प्लिफायर जोडला तर साडेतीन-चार. बॅटरीच्या धन टोकाजवळच २ अँपिअरचा फ्यूज हवा. आणि तार उलटी जोडली तर बॉक्स जळतो, म्हणून टोकांना लाल-काळा रंग देऊन ठेवा.

फायबर: ॲपवरून आकाशवाणीच्या कितीतरी जास्त केंद्रांचं थेट प्रसारण मिळतं, रागमही. डेटा किरकोळ लागतो: ६४ केबीपीएसला तासाला २९ एमबी, १२८ ला ५८, ३२० ला १४४. पाऊस आडवा येत नाही, पण माड तारेवर पडला की दोन-चार दिवस जोडणी गेली. डिश सरीपुरती जाते आणि परत येते. दोन्हींच्या पडण्याची कारणं वेगळी, म्हणून ज्या घरी दोन्ही शक्य आहे तिथे दोन्ही ठेवा. ॲम्प्लिफायरला दोन इनपुट असतातच: एकावर बॉक्स, दुसऱ्यावर जुना मोबाइल. बटणाला 'डिश' आणि 'नेट' अशा चिठ्ठ्या चिकटवा. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला तर दोन-तीन तास तोही चालतो.

हर्णै_बंदर
बोटीवर हे चालेल का? पाच-सहा दिवस समुद्रात असतात लोक.

मिऱ्या_ॲंटेना
नाही. डिशचा झोत दोन-तीन अंशांचा, आणि बोट एका लाटेला दहा अंश डुलते. स्वतःहून उपग्रहाचा माग काढणारी अँटेना मिळते, पण तिची किंमत मच्छीमार नौकेला परवडणारी नाही. उभ्या बोटीवर, बंदरातसुद्धा, क्वालिटी येते-जाते. बोटीसाठी मेमरी कार्डवर भरलेली गाणी आणि मिडियम वेव्हचा चांगला रेडिओ. खाऱ्या पाण्यावरून मिडियम वेव्ह जमिनीपेक्षा खूप लांब जाते, त्यामुळे किनाऱ्यावरचं केंद्र समुद्रात डोंगराआडच्या गावापेक्षा स्वच्छ लागतं. इंजिनाच्या अल्टरनेटरचा आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट मात्र त्यात शिरतो. रेडिओ त्यांच्यापासून लांब ठेवा आणि सेटसकट फिरवून बघा, आतल्या फेराइट दांड्याची (रेडिओच्या अँटेनाची) टोकं नाही, तर लांब बाजू स्थानकाकडे असेल तेव्हा आवाज सर्वांत जोरात.

गाडीलाही हेच. गाडीत चालणारा उपग्रह रेडिओ भारतात नाही, आणि घाटात, महामार्गावर मोबाइलचं नेटवर्क तुटतं. निघण्याआधी उतरवून घेतलेली गाणी हाच खात्रीचा मार्ग.

तांबळडेग
केबल आणि खारी हवा यावर लिहिल्याशिवाय धागा अपुरा. किनाऱ्यावर डिश बंद पडण्याचं पहिलं कारण पाऊस नाही, एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडात, शिरलेलं पाणी आहे.

केबल आरजी-६, आतली तार शक्यतो पूर्ण तांब्याची, लांबी ३० मीटरच्या आत. टोक असं सोला: बाहेरचं काळं आवरण दीड सेंटीमीटर काढा, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं आवरण ६ मिलिमीटर ठेवून पुढचं काढा. कनेक्टर पूर्ण बसल्यावर मधली तार कडेच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागला तर शॉर्ट होऊन बॉक्स एलएनबीचा पुरवठा तोडतो. पिळून बसवायचा कनेक्टर टाळा, दाबून बसवायचा वापरा.

त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत जा, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत जात नाही. साधी काळी विजेची टेप उन्हात सुटते. एलएनबीचं तोंड खाली असतं म्हणून तिथे पाणी शिरणार नाही असं समजू नका. केबलला जोडाच्या खाली वितभर लोंबती कमान द्या, पाणी तिथून ठिबकेल. घरात शिरतानाही भोक आतून बाहेर उतरतं पाडा.

दिवाळीनंतर एकदा कनेक्टर उघडून बघा. मधली तार हिरवट झाली असेल तर दोन इंच कापून नवा कनेक्टर. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि क्वालिटी दहा-पंधरा टक्के परत येते.

जांभाचिरा
विजांचंही सांगून ठेवतो. मे अखेर आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढायच्या. नुसता स्विच बंद करून भागत नाही, लाट केबलमधूनही येते. केबलचा तो जोड बॉक्सच्या मागे न ठेवता खिडकीजवळ हाताला येईल असा द्या, ज्येष्ठांना वाकावं लागणार नाही. खांबाला स्वतंत्र अर्थ द्या. जांभ्यात सळई ठोकून आत जात नाही आणि कोरडा जांभा वीज नीट वाहूनही नेत नाही, म्हणून खड्डा खणून तांब्याची किंवा जस्तलेपित पट्टी, भोवती कोळसा-मीठ, आणि जागा शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, जिथे माती बारमाही ओली असते. हा अर्थ घराच्या मुख्य अर्थला जोडून घ्या, ते काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच.

खाडीकाठ
ठरलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. फ्री डिश, ७५ सेंटीमीटर, अंगणात काँक्रीटचा पाया, माडापासून चौदा मीटर पश्चिमेला. १२ व्होल्टचा बॉक्स, ७ अँपिअर-तास बॅटरी. ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटवर मोबाइल. केबल २२ मीटर.

मिऱ्या_ॲंटेना
माडापासून चौदा मीटर ठीक आहे, पण पश्चिमेला सरकताना घराचं छप्पर मधे येत नाही ना ते बघा. पन्हाळीचा कोपरा डिशपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दोन मीटर अंतर पुरेल. फणसाची आग्नेयेकडची खालची फांदी आत्ताच उतरवून घ्या, पावसात ती ओझ्याने आणखी झुकते.

सुरंगी
बॉक्स घेताना दुकानातच रेडिओचं बटण दाबून यादी उघडते का बघा आणि आवडीची यादी वीज घालवून परत आणल्यावर टिकते का तेही. काही स्वस्त बॉक्स ती विसरतात, आणि मग वीज गेली की दर वेळी ज्येष्ठांना नव्याने शोधावं लागेल.

तांबळडेग
२२ मीटर अखंड घ्या, मधे जोड नको. आणि एलएनबी एक जादा आणून ठेवा. जुलैत ती गेली तर बाजारात जाऊन आणेपर्यंत आठवडा जातो.